मॅनिफोल्डचं पॅकिंग बदललं तरी टक-टक परत आली (बडोदे)

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. आमची पेट्रोल हॅचबॅक ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात बॉनेटपर्यंत बुडाली होती. इंजिन उघडून साफ करून घेतलं, गाडी छान चालू लागली. पण आता सकाळी स्टार्ट केली की पुढून टक-टक-टक आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढतो, आणि अलकापुरीला पोचेस्तोवर बंद होतो. गॅरेजवाल्यांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला जळका वायू सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाचं, पॅकिंग बदललं, थोडे दिवस शांतता होती, पुन्हा तेच. ॲव्हरेज पडलंय, चेक इंजिनचा दिवाही मधूनच लागतो. ते म्हणतात, परत पॅकिंग टाकू. टाकावं का? आईला फिजिओथेरपीला न्यावं लागतं, गाडी फार दिवस उभी ठेवता येणार नाही.

निजामपुरा_१२
टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजत असतील. ऑइल बदलून बघा आधी.

मकरपुरा_फिटर
ताई, पॅकिंग नवं टाकावं लागेलच, पण खोट पॅकिंगमध्ये आहे असं मला वाटत नाही. जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, माझा सगळा जन्म फ्लँजचे (पाइपांच्या सपाट कडांचे) जोड बसवण्यात गेला. पॅकिंग आपणहून क्वचित जातं. ज्या दोन फेसमध्ये, म्हणजे सपाट पृष्ठभागांमध्ये, ते दाबलेलं असतं ते वाकडे झाले किंवा स्टडची (नट बसतो त्या आट्यांच्या दांड्याची) पकड गेली, की त्याचा जीव जातो.

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बहुतेक गाड्यांत बिडाचा. सारख्याच तापमानाला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे गाडी तापते-निवते तेव्हा दर खेपेला हे दोन धातू पॅकिंगच्या दोन्ही अंगांनी थोडेथोडे सरकतात. तेवढं सोसावं म्हणून पॅकिंग ग्राफाइटचं किंवा पातळ पोलादी पत्र्यांच्या पदरांचं करतात. पण फेस वाकला असेल तर गार असताना फट राहते, तिच्यातून वायू टक-टक सुटतो, आणि तापून धातू फुगला की फट बुजते. तुमचा आवाज अलकापुरीला बंद होतो तो यामुळे.

टॅपेटची शंका फिटवायला पाना लागत नाही. रात्रभर निवलेली गाडी उघड्यावर स्टार्ट करा, आणि कुणाला तरी जाड घडीचं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंदच धरायला सांगा. आतला दाब वाढून फटीचा आवाज मोठा होतो. टॅपेटला त्याचं काही नसतं. मग गाडी बंद करून हीट शील्डच्या (मॅनिफोल्डवरच्या पत्र्याच्या) कडेने टॉर्च मारा. जिथून वायू सुटतो तिथे हेडवर पंख्यासारखी पसरलेली काजळी दिसेल.

दिव्याचं नि ॲव्हरेजचं मूळही तेच असू शकतं. ऑक्सिजन सेन्सर त्या फटीच्या पुढे बसलेला असतो. वायूच्या दोन धक्क्यांच्या मध्ये दाब क्षणभर उतरतो आणि फट बाहेरची हवा आत ओढते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि आणखी सोडतो. असं फार दिवस चाललं तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो, आणि तो पॅकिंगच्या कितीतरी पट महाग.

आता गॅरेजात समोर उभ्या राहा. मॅनिफोल्ड उतरल्यावर फेसवर सपाट पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायला लावा, लांबीने आणि तिरकी दोन्ही. किती फट चालते ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. जास्त भरली तर फेसचं ग्राइंडिंग करून घ्या, मकरपुऱ्यात ते होतं. हेडचा फेसही बघायला लावा. तिथली जुनी पपडी खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडे पडता कामा नयेत.

स्टड-नट सगळे नवे घ्या. पुराचं पाणी गढूळ असतं, गंज आट्यांत शिरतो. नट घट्ट लागतो पण पॅकिंगवर दाब येत नाही. उतरवायच्या आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. स्टड तुटलाच तर अंदाजाने ड्रिल घालू देऊ नका, ते काम मशीन शॉपचं.

आवळताना मधल्या नटापासून बाहेर जायचं, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटची फेरी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या). एका कडेपासून आवळत गेलं की दुसरी कड उचलली जाते. वाकडा मॅनिफोल्ड तसाच ठेवून आवळला तर नवं पॅकिंगही फार टिकणार नाही.

दांडियाबाजारकर
काका, फडकं धरल्यावर आवाज खरंच वाढला! चौथ्या सिलिंडरपाशी काळं पसरलंय. गॅरेजवाले म्हणतात, तेवढ्या जागी सिलिकॉन भरू. आणि काम होईस्तोवर गाडी चालवू का?

मकरपुरा_फिटर
सिलिकॉन नको. पेट्रोल इंजिनात तिथून जाणारे वायू ७००-८०० अंशांपर्यंत तापतात, ते जळून जाईल. चालवण्याबद्दल: त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड बॉनेटखाली सुटतो, त्याला रंग नाही की वास नाही, आणि केबिनची हवा आत घ्यायची जाळी तिथेच काचेच्या पायथ्याशी असते. आईंना नेणार असाल तर काम होईपर्यंत रिक्षाने न्या. एकटीने गॅरेजपर्यंत न्यायची झाली तर काचा खाली, ब्लोअर बंद, आणि सिग्नलला फार वेळ थांबावं लागेल असा रस्ता टाळा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, अगदी मिनिटभरही.

निजामपुरा_१२
ऑइलचं मी चुकीचं धरलं होतं तर. मकरपुऱ्याचा ग्राइंडिंगवाला कळला की ताईंना इथेच सांगतो.