पोराच्या शाळेत एकही सर नाहीत, कुणाला खटकतं का?

ठाणेकर_बाबा:
मुलगा दुसरीत, इंग्लिश मीडियम. केजीपासून आजपर्यंत सगळ्या मॅडमच. सर म्हणजे एकटे पीटीचे, तेही शिट्टी वाजवायला. परवा धाकटीबरोबर शाळा-शाळा खेळत होता, तिला मॅडम केलं, मी म्हटलं तू हो की सर, तर म्हणतो "बाबा, सर शिकवत नाहीत, सर ओरडतात." तेव्हा हसलो पण नंतर डोक्यातून जाईना. मी साताऱ्याकडे झेडपीत शिकलो, आम्हाला सगळे गुरुजीच. मॅडम लोकांबद्दल तक्रार अजिबात नाही, छान शिकवतात. पण प्रायमरीत एखादे सर हवेत असं वाटणं जुनाट आहे का?

रानातला_पाटील:
जुनाट कशाला, बरोबरच आहे. धाक पाहिजे राव. आमचे गुरुजी नुसते फाटकात दिसले की वर्ग चिडीचूप, पाढा चुकला की निरगुडीची छडी. आता पोरं शेफारलीत.

दुसरी_ब:
पाटील, ओरडणारे सर तर त्या पोराला आधीच माहीत आहेत की, तेच तर सांगतोय तो. आणि छडीचं म्हणाल तर २००९ च्या आरटीई कायद्याने मारायला बंदीच आहे. मी १४ वर्षं एकटीने ४५-४५ पोरांचे वर्ग सांभाळतेय, धाकासाठी सर लागत नाहीत. सर का येत नाहीत ते विचारा. माझ्याबरोबर डीएडला बरीच मुलं होती, त्यातले दोघं खाजगी शाळेत लागले आणि वर्षात सोडून गेले, या पगारात पोरगी कोण देणार म्हणून. तोच पगार बाईला चालतो, कारण घरी नवऱ्याचा असतो हे संस्थेने धरलेलंच असतं! त्यात २०२४ ला बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं प्रकरण झालं, तेव्हापासून पालकच विचारतात की लहान वर्गांना पुरुष स्टाफ नाही ना? तिथला आरोपी शिक्षक नव्हता, सफाई कर्मचारी होता, पण संशय सरसकट सगळ्यांवर. मलाही मुलगी आहे, त्यामुळे भीती कळते, पण मग सर येणार कुठून?

द्विशिक्षकी:
मॅडमचं पगाराचं खरंय. आमच्याकडेही शिक्षणसेवकाला, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाला, २०२३ पर्यंत महिना ६ हजार होते, मग १६ झाले. तरी झेडपीत पुरुष आहेत कारण तीन वर्षं काढली की नोकरी पक्की. परितेवाडीचे डिसले गुरुजी झेडपीच्या प्राथमिक शाळेतलेच, २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं त्यांना.
मी बीड जिल्ह्यात पहिलीला आहे, ठाणेकर, तुम्हाला एक सांगतो. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं आजीपाशी. एक पोरगी रोज केस मोकळे घेऊन यायची, आजीचे हात थरथरतात, वेणी होत नाही. शेवटी मीच शिकलो. पहिल्या दिवशी घातलेली वेणी परिपाठ संपायच्या आत सुटली. चौथीतला एकजण दारातून ओरडला, "गुरुजी बाई झाले!" सगळी शाळा हसली, मीपण हसलो आणि परत घातली. महिन्याभराने तोच पठ्ठ्या व्हरांड्यात बहिणीची रिबीन बांधत होता, दात-ओठ खाऊन. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर सोडून पळाला असता.

रानातला_पाटील:
गुरुजी, आमच्या वेळी असं कुणी नव्हतं हो. छडीचं मागे घेतो, अर्धं.

ठाणेकर_बाबा:
मॅडम, पगाराचा विचारच केला नव्हता, फी एवढी भरतो ती जाते कुठे मग? गुरुजी, तुमचं बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली सरांचं राहू दे, घरात धाकटीची वेणी आजवर कोणी घातली ते सांग. उद्यापासून माझी ड्यूटी. व्हिडिओ बघून घेतलाय, पण त्यात तीन पेड म्हणतात आणि माझ्या हातात कायम चौथा कुठून येतो तेवढं सांगा.