विषय: रे: रे: सत्कारपत्रकातले ‘१४८ शोधनिबंध’ (प्रेषक वस्तीच्या नावाने)

प्रेषक: रावपुरा
ताईंच्या सत्कारपत्रकाचं प्रूफ पाहिलं. त्यांचे शोधनिबंध १४८ असं छापू नका. आकडा गूगल स्कॉलरवरून उचललेला दिसतोय, आणि तिथे परिषदेतले सारांशही निबंधांच्या रांगेत येतात. बायोफिजिकल सोसायटीच्या अधिवेशनाचे सारांश ‘बायोफिजिकल जर्नल’च्या पुरवणीत छापतात, त्यामुळे नाव नियतकालिकाचंच दिसतं. पानाच्या आकड्याला ‘ए’ चिकटलेला असेल तर तो सारांश समजा.

प्रेषक: सचिव
काका, मंगळवारी छापायला द्यायचंय. मग पबमेड या वैद्यक-जीवशास्त्राच्या निबंधसूचीचा आकडा घालू का? ताईंचं आडनाव आणि एक आद्याक्षर टाकलं तर ३१२ आले.

प्रेषक: फतेहगंज
ते ३१२ एकट्या ताईंचे नव्हेत. ‘एस’ दिलं की पबमेड एसके, एसव्ही, एसआर सगळ्यांना आणतं. नाव दुहेरी अवतरणात घाला, पुढे चौकोनी कंसात ‘एयू’, की तेवढंच येतं. पण लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंना तेही पुरत नाही. मधलं अक्षर आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं, आडनावही वेगळं. ताईंचे पीएचडीचे निबंध माहेरच्या नावावर आहेत आणि प्रतिपिंडांवरचं (शरीर रोगजंतूंविरुद्ध बनवतं त्या प्रथिनांवरचं) पायाचं काम तेच आहे. दोन्ही नावं ‘ऑर’ने जोडा आणि संस्थेच्या नावाने गाळा.

प्रेषक: दांडिया बाजार
संस्थेची गाळणी नको! २०१४च्या आधी पबमेडवर फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत. ताई प्रथिनांची स्फटिकरचना ठरवून देत, त्यामुळे नाव बहुधा मधे. दुसऱ्या प्रयोगशाळेने पुढाकार घेतलेले निबंध सगळे गळतील. ताईंकडून ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळखक्रमांक, मागा. सोळा जागा असतात. शेवटी ‘एक्स’ आला तर तोही बरोबर, तो तपासणीचा अंक. यादी उतरवून डीओआयनुसार, म्हणजे प्रत्येक प्रकाशनाच्या कायम क्रमांकानुसार, लावा. १०.२२१० ने सुरू होणाऱ्या पीडीबीच्या, म्हणजे प्रथिनरचनांच्या संग्रहातल्या, नोंदी आहेत, निबंध नव्हेत. शुद्धिपत्रं काढा. बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावरचा छपाईआधीचा मसुदा आणि त्याचाच छापील निबंध, यांतला एकच ठेवा. मात्र १०.११०१ दिसलं की सरसकट उडवू नका. तोच उपसर्ग कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या नियतकालिकांनाही आहे, ‘जीनोम रिसर्च’सकट. शीर्षक जुळवूनच काढा.

प्रेषक: रावपुरा
पीडीबीच्या नोंदी निबंधांतून काढा, पण पत्रकातून नको. एका निबंधामागे मोकळा फॅब (प्रतिपिंडाचा पकडणारा तुकडा), प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला पकडतं तो पदार्थ) धरलेला फॅब, दोन उत्परिवर्तित अशा चार नोंदी असतात. त्यांतले अणूंच्या जागांचे सहनिर्देशांक घेऊन दुसरे लोक पुढचं काम करतात. ‘जमा केलेल्या प्रथिनरचना’ अशी वेगळी ओळ हवी.

प्रेषक: अलकापुरी, संपादन समिती
आकडा काय तो तुम्ही ठरवा. पण मजकूर समितीचा आहे, सचिवांनी परस्पर ओळी वाढवू नयेत. जागाही नाही.

प्रेषक: दांडिया बाजार
अलकापुरी, मग मजकुराचंच सांगतो. तिसऱ्या परिच्छेदात ‘केडी वाढवून बंध घट्ट केला’ आहे. उलट हवं. केडी म्हणजे सुटण्याचा वेग भागिले जुळण्याचा वेग. सुटणं सेकंदाला ०.०००१ आणि जुळणं प्रति मोलर प्रति सेकंद १,००,००० असेल तर केडी १ नॅनोमोलर. केडी जितका कमी, पकड तितकी घट्ट. आणि मोजमाप फॅबचं आहे, तर ‘फॅबची पकड’ असंच लिहा. अख्खं प्रतिपिंड (आयजीजी) मोजणीच्या चिपवरच्या प्रतिजनाला दोन्ही हातांनी, म्हणजे दोन फॅबनी, धरतं, एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा देखणा येतो. दुसऱ्या परिच्छेदातलं ‘प्रतिजैविक’ही ‘प्रतिपिंड’ करा. प्रतिजैविक हे औषध.

प्रेषक: अलकापुरी, संपादन समिती
तिन्ही दुरुस्त्या केल्या. ‘प्रतिपिंड’ऐवजी ‘प्रतिद्रव्य’ घेऊ का? आपल्या ज्येष्ठ सभासदांना तेच ओळखीचं.

प्रेषक: फतेहगंज
कुठलंही एकच घ्या, पण चारही पानांवर तेच. एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलं की वाचणाऱ्याला दोन वेगळे पदार्थ वाटतात.

प्रेषक: सचिव
ऑर्किड आला. १४८ मधून ३८ सारांश, ९ मसुदे, ४ शुद्धिपत्रं वजा. माहेरच्या नावाचे ६ अधिक. १०३ झाले. समितीने पीडीबीच्या ओळीला जागा दिली, आभार. आकड्याखाली मोजणीची तारीख घालतोय.

प्रेषक: फतेहगंज
पहिल्या पानावर ताईंचं माहेरचं नावही छापा. पत्रक वाचून कुणी मुलगी शोधायला बसली तर तिला ते सहा सापडायला हवेत.