उंदीर बरा झाला, माणूस कधी होणार?

रानवारा: दर आठवड्याला बातमी असते, अमुक औषधाने कर्करोगाच्या गाठी विरघळल्या. पुढे वाचावं तर उंदरांच्या! रक्ताच्या एका कर्करोगात दिसणारं बिघडलेलं गुणसूत्र, 'फिलाडेल्फिया गुणसूत्र', सापडलं १९६० साली आणि त्यातल्या बिघाडावर नेम धरणारं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं २००१ मध्ये. ४१ वर्षं! तोवर किती जण गेले असतील? चाचण्यांचे टप्पे निम्म्यावर आणा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या हातात सहा महिने आहेत त्याला 'थांबा' कसं सांगायचं?

निशिगंध: अजिबात पटलं नाही. मार्च २००६, लंडन. टीजीएन१४१२ हे औषध माकडांना बाधलं नव्हतं. त्यांना चाललेल्या मात्रेच्या ५००व्या हिश्श्याइतकंच सहा निरोगी पुरुषांना दिलं, तेही काही मिनिटांच्या अंतराने. पहिल्याला काय होतंय हे बघायलाही कुणी थांबलं नाही. काही तासांत सहाही जण अत्यवस्थ, अवयव निकामी होऊ लागलेले. जीव वाचले, पण एकाला हातापायांची बोटं गमवावी लागली. आणखी कुठला टप्पा गाळायचा म्हणता?

आडवाट: तुम्ही दोघं चाचण्यांवरून भांडताय, पण वेळ तिथे गेलेलाच नाही. इमॅटिनिब माणसांना पहिल्यांदा दिलं १९९८ मध्ये. तिथून मंजुरीपर्यंत जेमतेम तीन वर्षं. बाकीची ३८ आधीची. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन हे फिलाडेल्फिया गुणसूत्र तयार होतं, हे अमेरिकी संशोधक जेनेट राउली यांनी दाखवलं तेच १९७३ मध्ये.

आणि पेनिसिलिन? शोध १९२८चा. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला ते दिलं, ताप उतरला, भूक लागली. पण साठा इतका तुटपुंजा की त्याच्या लघवीतून औषध परत गाळून टोचत होते. तेही संपलं आणि तो गेला. त्याला कुठल्या नियमाने मारलं नाही, ते पुरेसं बनवायची सोय नव्हती म्हणून गेला. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामधल्या या पट्ट्यात पैसा घालायला कुणी पुढे येत नाही, माझा राग त्यावर आहे.

रानवारा: तीन वर्षांचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण २०२० मध्ये कोविडवर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या चाचणीचा निकाल ब्रिटनमध्ये तीन महिन्यांत लागलाच ना? मनात आणलं की जमतं.

निशिगंध: जमलं, पण टप्पा गाळून नव्हे. औषध जुनं, ओळखीचं होतं. सहा हजारांवर रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले, म्हणून तर कळलं की व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. त्याच चाचणीत मलेरियावरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा कोविडवर काही उपयोग नाही हेही कळलं. तोवर ते जगभर सर्रास दिलं जात होतं.