नागपुरात बेसाकडे भाड्यानं द्यायला जुनं घर घेतोय, पाया कसा बघू?

बेसा रोडला भाड्यानं द्यायला जुनं डुप्लेक्स बघितलंय, भाव बरा आहे पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलीय, मालक म्हणतो नुसती प्लास्टरची आहे. खरं असेल का?

उत्तर १: दादा, अशी तिरपी भेग पाया खचल्याचीही असू शकते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते न उन्हाळ्यात आकसते, पाया खाली मुरुमाच्या कडक थरापर्यंत नेला नसेल तर घर दरवर्षी हलतं. भेगेवर काचेची पट्टी पीओपीनं चिकटवा, तडकली म्हणजे भेग अजून वाढतेय. प्लिंथ बीम, म्हणजे पायावर भिंतींखालून फिरवलेला काँक्रीटचा पट्टा, आहे का तेही विचारा.

उत्तर २: अन् दारं चौकटीत घासतात का बघा, भिंतीला लागून मोठं झाड असेल तर ते पण माती कोरडी करतं. टोकन द्यायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर न्याच, प्लॉटचं आरएल लेटरही (प्लॉट नियमात असल्याचं सरकारी पत्र) मागा.