'अवर टाउन' मराठीत: तालीम कुठून सुरू करावी?

तिसरी_घंटा: थॉर्नटन वाइल्डरचं 'अवर टाउन' (१९३८) हे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या एका छोट्या गावाचं नाटक पुण्याच्या सुदर्शन रंगमंचावर मराठीत करायचंय. नेपथ्य नाही, त्यामुळे खर्च कमी. तालमी कशा लावाव्यात? गाव कोकणातलं केलं तर? की नुसता तिसरा अंकच एकांकिका म्हणून करावा?

विंगेतला: सामान थोडं: टेबलं, खुर्च्या, दोन शिड्या, एक फळी. शिड्या म्हणजे जॉर्ज आणि एमिली या शेजारी राहणाऱ्या नायक-नायिकेच्या माडीवरच्या खोल्या. दोन खुर्च्यांच्या पाठींवर फळी टाकली की सोडा फाउंटन, म्हणजे सोडा-आइस्क्रीमच्या दुकानातला कट्टा. बाकी चूल, भांडी, शेंगा सगळं माइम, म्हणजे वस्तूशिवाय नुसत्या हातांनी दाखवायचं, आणि प्रयोग फसतो तो इथेच. एमिलीची आई मिसेस वेब एकदा दार डावीकडे उघडते, पुढच्या वेळी उजवीकडे. चूल कधी कमरेला, कधी छातीला. म्हणून सुरुवातीच्या तालमी खऱ्या भांड्यांवर घ्या. जमिनीवर टेप लावून दार, चूल, फडताळ पक्कं करा. मग एकेक वस्तू काढत जा. हाताला उंची आणि वजन आठवतं. दुधाच्या बाटल्यांचा आवाज विंगेतून येतो. तो हाताच्या आधी वाजला की हशा ठरलेला, तेव्हा आवाज देणाऱ्याला नट दिसलाच पाहिजे.

पडदा_वर: स्टेज मॅनेजर हे इथे गोष्ट सांगणारं पात्र आहे, त्याला संगीत नाटकातला सूत्रधार करू नका. पेपर टाकणारा जो क्रॉवेल पुढे फ्रान्समध्ये युद्धात मरणार, हे स्टेज मॅनेजर पहिल्याच अंकात सांगून टाकतो, तेही कोरडेपणाने. गळा दाटला की संपलं. वाइल्डरने स्वतः ब्रॉडवेवर दोन आठवडे ही भूमिका केली होती.

कोकण नको. तिसऱ्या अंकात मृत माणसं खुर्च्यांवर बसतात, त्या खुर्च्या म्हणजे थडगी. दहन करणाऱ्या गावात ती कुठे बसवणार? न्यू हॅम्पशायरच राहू द्या.

नुसता तिसरा अंकही नको. मेल्यावर एमिली आपल्या बाराव्या वाढदिवसाला परतते, ११ फेब्रुवारी १८९९. तिच्या घरचं ते स्वयंपाकघर प्रेक्षकाने आधी पाहिलेलं नसेल तर उरते फक्त रडारड. एकांकिकाच हवी तर वाइल्डरचीच 'द लाँग ख्रिसमस डिनर' (१९३१) घ्या: एकाच टेबलावर नव्वद वर्षांची जेवणं, एका बाजूला जन्माचं दार, समोर मृत्यूचं. म्हातारपण येतं ते पांढरा टोप चढवून. जेवण अर्थात काल्पनिकच!

हिशेबनीस: आधी हक्क बघा. वाइल्डर १९७५ मध्ये गेले. आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट, म्हणजे २०३५ अखेरपर्यंत. अनुवाद आणि प्रयोग या दोन्हींची परवानगी लेखी घ्या. 'रूपांतर' छापून सुटका नाही. संमती हातात आल्यावरच अनुवादाला बसा.