बलात्काराच्या प्रयत्नाचं अपील : हेतू सिद्ध झाला, हे कशावरून म्हणायचं?

मंगळवारपेठकर
१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय. सहा जिल्ह्यांची अपिलं आता इथंच, त्यामुळं असले विषय चहाच्या गाड्यावर पण निघतात. काल निघाला, वाद अर्धा राहिला, म्हणून इथं टाकतोय.

माझं म्हणणं : आरोपीच्या मनात काय होतं ते त्यानं केलेल्या कृतीवरूनच ठरवायचं. 'पुढं काही केलं नव्हतं' याचा फायदा त्याला अपिलात मिळता कामा नये. मार्च २०२५ चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा आदेश आठवा. आरोप असा की अल्पवयीन मुलीची छाती धरली, पायजम्याची नाडी तोडली, रस्त्याच्या मोरीखाली ओढायला लागले, आरडाओरडा ऐकून लोक आले तसे पळाले. कोर्ट म्हणालं, हा बलात्काराचा प्रयत्न नव्हे. मग मोरीखाली कशाला ओढत होते?

बावड्यातला वकील
आदेश चुकीचा, हे मलाही मान्य. २६ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती देताना असंवेदनशील म्हणून झोडपलाच. पण पेठकर, ते अपील नव्हतं. खालच्या कोर्टानं आरोपींना काढलेल्या समन्सविरुद्धचा रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज होता. साक्षीपुरावा झालाच नव्हता, फक्त प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का एवढंच बघायचं होतं. अपिलात पुरावा पुरा झालेला असतो आणि संशय उरला तर तो आरोपीच्या बाजूनं जातो. ते उदाहरण इथं चालत नाही.

दुसरं, तयारी आणि प्रयत्न यात कायद्यानं फरक ठेवलाय. मलकियत सिंग खटल्यात राज्याबाहेर न्यायला बंदी असताना पंजाबातून दिल्लीकडं निघालेला भाताचा ट्रक हद्दीच्या आत समालख्याला धरला. सर्वोच्च न्यायालयानं ट्रकवाल्यांना सोडलं, कारण अजून विचार बदलून ते परत फिरू शकले असते.

आणि खालचं कलम लागलं म्हणजे सुटला असं नाही. कपडे उतरवण्याच्या हेतूनं हल्ला केला तर ३ ते ७ वर्षं आहेतच. बलात्काराच्या प्रयत्नाला साधारण १० पर्यंत.

शाहूपुरीची ताई
वकीलसाहेब, भाताच्या पोत्यांना कुणी खोलीत कोंडत नाही.

ट्रकच काढायचा तर १९८० चा याकूब खटला पण काढा की. कामण खाडीकाठी तस्करीची चांदी उतरवताना धरले. बोट किनाऱ्याला लागलीही नव्हती, नुसता इंजिनाचा आवाज येत होता. खाली सुटले होते, सर्वोच्च न्यायालयानं प्रयत्न धरून शिक्षा दिली. शेवटची पायरी चढायलाच पाहिजे असं नाही.

आणि तुमच्या अपिलाचंच उदाहरण देते. मध्य प्रदेशातला महेंद्र ऊर्फ गोलू. दोन लहान मुलींना खोलीत नेलं, दार लावलं, कपडे काढले, अंगाशी लगट केली. सेशन कोर्टानं बलात्काराचा प्रयत्न धरला, उच्च न्यायालयानं तो विनयभंगावर आणला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ शिक्षा परत लावली. तयारी कधीच संपली होती, म्हणाले. अपिलातच कलम उतरलं आणि अपिलातच परत चढलं.

पन्हाळा रोड
खोट्या केसी पण असतात भावा. बांधावरनं भांडण झालं की भावकीत पहिलं विनयभंगाचं कलम लावतात.

शाहूपुरीची ताई
असतील. म्हणून खऱ्या बाईनं जास्त पुरावा आणायचा?

बावड्यातला वकील
ताई, महेंद्रमध्ये दार, कपडे, लगट, सगळं त्या मुलींच्या साक्षीत होतं. आणि पीडित बालक असेल तर पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम ३० नं आरोपीची गुन्ह्याची मानसिक स्थिती गृहीत धरली जाते, नव्हती हे आरोपीनं दाखवायचं. मोठ्या बाईच्या बाबतीत तसलं कलम नाही. बाईला उसाच्या फडात ओढलं, ती ओरडली, तो पळाला. यात विनयभंग आहे, प्रयत्न असेलही. पण फिर्यादीत काय असतं? 'वाईट हेतूने हात धरून मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले.' ठाण्यातलं ठरीव वाक्य. किती आत ओढलं, तोंड दाबलं का, कपड्याला हात घातला का, काय बोलला, कशामुळं सोडलं, काही नाही. दोन वर्षांनी कोर्टात ती हे सगळं सांगते आणि उलटतपासात ते ओमिशन ठरतं, म्हणजे आधीच्या जबाबात नसलेलं. अपिलात तिचा चेहरा दिसत नाही, कागद दिसतो.

मंगळवारपेठकर
म्हणजे हवालदारानं दोन ओळीत उरकलं याची शिक्षा तिला? पंचनाम्यात मोडलेला ऊस, फाटलेलं ब्लाउज असतं. डॉक्टरांनी लिहिलेले ओरखडे असतात. तिच्या जबाबात नसलं तरी हेतू तिथं दिसतोय.

बावड्यातला वकील
झटापट दिसते. झटापट कशासाठी, ते दिसत नाही. तो पैंजण ओढायला आला होता असं मी म्हटलं तर?

शाहूपुरीची ताई
मग पैंजणाला हात लागला होता का, ते विचारीन. ब्लाउज फाडून पैंजण निघत नाही. असला बचाव कुठल्याही कोर्टानं ऐकू नये. मात्र एक तुमचं पटलं. मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबात तरी 'लोक आले म्हणून सोडलं' हे आलंच पाहिजे. आपण होऊन थांबला की कुणी आलं म्हणून पळाला, यावर तुमचा तो समालख्याचा ट्रक लागू होतो का नाही ते ठरतं.

बावड्यातला वकील
येऊ दे की. आलं तर सरकारी वकिलाचं निम्मं काम झालं. नाही आलं, तर आरोपीतर्फे उभा राहून पहिल्यांदा मी तेच दाखवणार.