मदत हवी आहे : वडिलांचे कोणते निर्णय त्यांच्याकडेच ठेवावेत?

नमस्कार. आम्ही नाशिकरोडला राहतो. वडील ७६ वर्षांचे, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त. सगळी नोकरी मोजदादीत गेली. मागच्या महिन्यात भाजीच्या ऐंशी रुपयांसाठी त्यांनी पाचशेच्या तीन नोटा काढून दिल्या. भाजीवाल्या मावशींनी दोन परत केल्या, एकीचे सुटे दिले. मी गाडी लावून मागून येत होते. बाबा त्या नोटांच्या कडा अंगठ्याने चाचपत तसेच उभे होते. घरी आल्यावर आईला एक शब्द बोलले नाहीत.

एरवी गप्पांत कुणाला शंकाही येणार नाही. १९६९ च्या पुरात गोदावरीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कशी बुडाली, ते अजून रंगवून सांगतात.

खरी अडचण निफाडकडच्या सव्वा एकर द्राक्षबागेची आहे. एक दलाल दोनदा घरी येऊन गेला आणि बाबा इसार (विक्री पक्की करायची आगाऊ रक्कम) घ्यायला तयार झाले. दादा म्हणतो, आत्ताच मुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार) करून घेऊ, म्हणजे प्रश्नच मिटला. मला ते पटत नाही. वकिलांनी सांगितलं, की मुखत्यारपत्र देताना माणसाला कळत असावं लागतं, आणि पुढे समज गेली तर करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते संपतंच. म्हणजे ज्या दिवसासाठी करायचं, त्याच दिवशी ते उपयोगाचं नाही.

डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉईड तपासून घेतलं, कारण त्यानेही विसरभोळेपणा येतो. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. स्मरणशक्ती आणि आकलनाच्या ३० गुणांच्या चाचणीत २१ आले. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली, तर मोठा काटा दोनवर न नेता दहावर नेला. पण नुसत्या गुणांवरून माणसाला निर्णय घेता येत नाही असं ठरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. प्रत्येक निर्णय वेगळा. काय घडणार आहे ते कळतंय का, लक्षात राहतंय का, फायदा-तोटा तोलून स्वतःच्या शब्दांत सांगता येतंय का, हे बघायचं. तेही सकाळी, मन ताजं असताना.

म्हणून मी सकाळी चहा घेताना विचारलं, "बाबा, बाग विकली तर काय होईल?" म्हणाले, "तुझ्या आईच्या औषधाची सोय होईल." लगेच पुढे, "पण मग छाटणीला माणसं कोण बोलावेल?" याला समज म्हणायचं की नाही?

नाशिकमध्ये कुणी आई-वडिलांची अशी तपासणी करून घेतली आहे का? किती दिवसांनी पुन्हा करायची? मृत्युपत्र आत्ताच नोंदवून, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं का? आणि बाबांना न दुखावता दलालाला थांबवायचं कसं? घरातला भाजीपाला, पेन्शनचा खर्च त्यांनीच बघावा असं मला मनापासून वाटतं, पण दादाला कसं समजावू ते सुचत नाही. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. इसाराची बोलणी रविवारी आहेत.